पुनर्वसन समुपदेशकांची आचारसंहिता : पुनरीक्षण

दिव्यांग व्यक्तींना शिक्षण, रोजगार व स्वतंत्र जीवन यांसाठी साहाय्य करणाऱ्या समुपदेशकांवर बंधनकारक असलेले आचरणाचे नियम आणि ते काही वर्षांच्या अंतराने तपासून नव्याने लागू करण्याची पद्धत. येथे अमेरिकेतील संहितेचा विचार केला आहे. तेथे ‘प्रमाणित पुनर्वसन समुपदेशक’ हे पद कमिशन ऑन रिहॅबिलिटेशन कौन्सेलर सर्टिफिकेशन (सीआरसीसी) हे १९७४ मध्ये स्थापन झालेले मंडळ देते. आचारसंहिताही याच मंडळाची असते.

या व्यवसायाचे मूळ सरकारी योजनेत आहे. १९२० च्या स्मिथ-फेस कायद्याने युद्धात भाग न घेतलेल्या नागरिकांनाही व्यावसायिक पुनर्वसन मिळू लागले. १९५४ च्या दुरुस्तीने विद्यापीठांना प्रशिक्षणासाठी अनुदान दिले आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेला समुपदेशक तयार होऊ लागला. मात्र त्याच्या कामाचे स्वरूप दुहेरीच राहिले. तो समुपदेशक की समन्वयक, हा प्रश्न समुपदेशनाचे अभ्यासक सी. एच. पॅटर्सन यांनी १९५७ मध्येच उपस्थित केला होता. राज्याच्या पुनर्वसन कार्यालयातील समुपदेशक समोरच्या व्यक्तीचा विश्वास संपादन करतो. तिची पात्रताही तोच ठरवतो आणि खर्चाला मंजुरीही तोच देतो. कायद्याप्रमाणे अर्जानंतर सर्वसाधारणपणे ६० दिवसांत पात्रतेचा निर्णय व्हावा लागतो आणि त्यानंतर ९० दिवसांत रोजगाराची वैयक्तिक योजना ठरावी लागते. तेव्हा मनातले बोलून दाखवणारा आणि आपल्याविरुद्ध निर्णय घेऊ शकणारा माणूस एकाच टेबलापाशी समोरासमोर बसतात. संहितेच्या प्रत्येक पुनरीक्षणात हाच पेच निराळ्या रूपाने पुढे आलेला दिसतो.

संहितेचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल दोन मते संभवतात. पहिले, नॅशनल रिहॅबिलिटेशन कौन्सेलिंग असोसिएशन या १९५८ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने साधारणतः १९७२ मध्ये स्वीकारलेली नियमावली ही पहिली संहिता मानणे. दुसरे, १९८७ ची संहिता ही पहिली मानणे. १९७२ ची नियमावली कालदृष्ट्या आधीची आहे, यात वाद नाही. परंतु तिचे बंधन त्या संघटनेच्या सदस्यांपुरते होते आणि सदस्यत्व सोडले की ते संपत असे. १९८७ च्या मसुद्याला प्रमाणन मंडळ आणि व्यावसायिक संघटना अशा दोहोंची मान्यता मिळाली. त्यामुळे नियमभंगाचा परिणाम थेट प्रमाणपत्रावर होऊ लागला. अंमलबजावणीचा निकष लावला तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन पर्सोनेल अँड गायडन्स असोसिएशनची १९६१ ची सर्वसाधारण समुपदेशन संहिता ही दोहोंची पूर्वसूरी होय. तिला पुनर्वसनाची संहिता म्हणणे मात्र ताणलेले ठरेल.

१९८७ च्या संहितेची मांडणी दुपदरी होती : वर दहा ‘कॅनन’, म्हणजे व्यापक कर्तव्ये, आणि प्रत्येकाखाली त्यांचे प्रत्यक्ष नियम. तिचा वैचारिक पाया बोशां व चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्रासाठी मांडलेल्या चार तत्त्वांचा आहे : स्वायत्तता, अहानी (इजा न करणे), हितकारिता व न्याय. कॅरन किचनर यांनी १९८४ मध्ये समुपदेशन मानसशास्त्रासाठी त्यांत निष्ठा हे पाचवे तत्त्व घातले. संहितेच्या २०१० च्या आवृत्तीत सत्यनिष्ठा हे सहावे आले. निष्ठा म्हणजे दिलेला शब्द पाळणे आणि सत्यनिष्ठा म्हणजे खरे सांगणे. दोन्ही एकच वाटतात, पण पात्रता नाकारल्याचे खरे कारण अडचणीचे असले की फरक कळतो. कारण न सांगता केवळ ‘पुढे पाहू’ असे म्हणणाऱ्या समुपदेशकाने शब्द मोडलेला नसतो; खरे मात्र सांगितलेले नसते.

त्यानंतरच्या आवृत्त्या २००२, २०१०, २०१७ व २०२३ या वर्षांच्या १ जानेवारीपासून लागू झाल्या. २००२ मध्ये कॅनन जाऊन ‘ए’ ते ‘के’ असे अकरा विभाग झाले. २०१० मध्ये न्यायवैद्यक (खटला किंवा विमा दावा यांसाठी करायच्या मूल्यमापनाच्या) व अप्रत्यक्ष सेवांचा नवा विभाग ‘एफ’ म्हणून मध्येच घातला गेला. परिणामी मूल्यमापन ‘एफ’वरून ‘जी’वर आणि इलेक्ट्रॉनिक संपर्काचा विषय ‘आय’वरून ‘जे’वर सरकला. वरवर क्षुल्लक वाटणारा हा बदल कार्यालयांत सर्वांत जास्त गोंधळ घालतो. संमतीपत्रे, पर्यवेक्षणाचे करार आणि अहवालांचे नमुने जुनेच कलम उद्धृत करत राहतात. तक्रार झाली की त्या क्रमांकाखाली भलताच नियम निघतो. म्हणून नमुन्यात कलमाच्या अक्षराबरोबर संहितेचे वर्षही लिहावे, किंवा क्रमांक गाळून नियमाचा आशयच लिहावा. दुसरा मार्ग जास्त टिकतो.

न्यायवैद्यक विभागामुळे ‘सेवार्थी’, म्हणजे समुपदेशनाची सेवा घेणारी व्यक्ती, कोण, हे नव्याने ठरवावे लागले. विमा कंपनी किंवा वकील यांच्या सांगण्यावरून एखाद्याची काम करण्याची क्षमता तपासली जाते, तेव्हा ती व्यक्ती सेवार्थी नसून मूल्यमापनाधीन असते. तिच्याशी समुपदेशनाचे नाते जुळत नाही. हे तिला तपासणीपूर्वी लेखी कळवायचे असते. या सूचनेत सामान्यतः चार गोष्टी येतात : काम कोणी दिले, अहवाल कोणाकडे जाईल, गोपनीयता कोठपर्यंत आहे आणि ही उपचारसेवा नाही. मौखिक सूचना पुरेशी ठरत नाही. तास-दोन तासांच्या मुलाखतीत समोरचा माणूस सहानुभूतीने विचारपूस करू लागला की सुरुवातीला ऐकलेले विसरले जाते आणि मुलाखत देणारा त्याला आपला माणूस समजून बोलतो. पूर्वी ज्याचे समुपदेशन केले त्याचेच न्यायवैद्यक मूल्यमापन करणे, तसेच खटल्याच्या निकालावर शुल्क ठरवणे, हे दोन्ही टाळायचे असते.

तंत्रज्ञानाच्या विभागात २०१७ मध्ये समाजमाध्यमांची भर पडली. दूरस्थ समुपदेशनासाठी पहिल्याच भेटीत सेवार्थीची ओळख पटवणे, तो त्या क्षणी कोणत्या ठिकाणी आहे हे विचारणे, जोडणी तुटली तर कोणी कोणाला फोन करायचा हे ठरवणे आणि जवळच्या आपत्कालीन मदतीचा क्रमांक नोंदवणे असा क्रम ठेवतात. यांत ठिकाण विचारणेच हमखास राहून जाते. घरचा पत्ता नोंदलेला असतो, पण सेवार्थी दुसऱ्या राज्यातून बोलत असतो. मग परवान्याचा प्रश्नही उभा राहतो आणि संकटात मदत चुकीच्या दारावर जाते.

जवळच्या नात्यांबाबतचे नियमही कडक झाले. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनने २००५ मध्ये माजी सेवार्थीशी प्रणय किंवा लैंगिक संबंधांवरील बंदीची मुदत दोनवरून पाच वर्षे केली. पुनर्वसन संहितेच्या २०१० च्या आवृत्तीतही शेवटच्या व्यावसायिक संपर्कापासून पाचच वर्षे आहेत. मुदत संपली म्हणजे मोकळीक मिळाली, असा तिचा अर्थ नाही. नात्यात शोषण नाही, हे दाखवण्याची जबाबदारी त्यानंतरही समुपदेशकावरच राहते.

पुनरीक्षणाचे काम साधारणतः कृतिगटाकडे असते. तो इतर व्यवसायांच्या संहिता, आलेल्या तक्रारी व बदललेले कायदे पाहून मसुदा करतो. त्यावर सूचना मागवल्या जातात, वकिलांकडून तपासणी होते आणि मग मंडळ मतदान करते. मसुद्यात सर्वाधिक घासाघीस क्रियापदांवर होते. ‘करावे’ असे लिहिले तर शिस्तभंगाची कारवाई करणे अवघड जाते; ‘करतात’ किंवा ‘करणे बंधनकारक आहे’ असे लिहिले तर लहान कार्यालयांना पाळता न येणारा नियम तयार होतो.

जुन्या घटनेची तक्रार आली तर ती घडली त्या दिवशी लागू असलेली संहिता पाहणे रास्त ठरते. म्हणून जुन्या आवृत्त्या जपून ठेवतात. कारवाईच्या पायऱ्या सूचनापत्र, ताशेरा, परिवीक्षा (ठरावीक काळ देखरेख), निलंबन आणि प्रमाणपत्र रद्द करणे अशा चढत्या आहेत. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे असते. नूतनीकरणासाठी १०० तासांचे निरंतर शिक्षण लागते व त्यांतले १० तास नीतिशास्त्राचे असावे लागतात. राज्याच्या परवाना मंडळाचे नियम मात्र वेगळे असतात आणि सीआरसीसीने केलेली कारवाई तो परवाना आपोआप रद्द करत नाही.