चाळीस टक्के परत आले, पाच टक्के गेले : पुण्याच्या मिळकत करातील तडजोडीची पार्श्वभूमी

पुण्यात नुसतं 'चाळीस टक्के' म्हटलं तरी पुरतं, कशाचे ते विचारावं लागत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकत करातली ही सवलत २०१९ मध्ये थांबली होती; राज्य मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये ती कायम ठेवायचं ठरवलं, तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी अभिनंदनाचे मेसेज फिरले आणि मग तिथेच वाद सुरू झाले. सवलत थांबल्यावर आलेलं वाढीव बिल मुकाट्याने भरलेले लोक चिडले होते. न भरलेले सुटले होते. फ्लॅट मुलाच्या नावावर आणि राहतात आईवडील, अशा घरांना आपण सवलतीत बसतो की नाही तेच कळत नव्हतं. निर्णय चांगला की वाईट, याचं एका शब्दात उत्तर देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात १९७० ची. महापालिकेच्या मुख्य सभेने त्या वर्षी ठराव केला, की मालक स्वतः राहत असलेल्या घराचं वाजवी भाडं, म्हणजे कर काढण्यासाठी धरलं जाणारं अंदाजे भाडं, पूर्ण न धरता ६० टक्केच धरायचं. देखभाल-दुरुस्तीपोटी कायद्यात १० टक्के वजावट होती, ती १५ टक्के द्यायची, हेही तेव्हाच ठरलं. पानशेतच्या पुराला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. शहर पेठांमधून बाहेर सरकत होतं, सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहत होत्या, आणि फ्लॅटची मालकी कायद्याच्या चौकटीत बसवणारा महाराष्ट्राचा अपार्टमेंट कायदाही १९७० चाच. स्वतःच्या घरात राहणारा मध्यमवर्ग हा या शहराचा कणा होत चालला होता. त्याच्याकडून, घर भाड्याने देऊन कमाई करणाऱ्याइतकाच कर घेऊ नये, ही त्या ठरावामागची भूमिका मला आजही पटते. राहत्या घरातून मालकाला एक रुपयाही भाडं येत नाही, मग न मिळालेल्या उत्पन्नावर पूर्ण कर कशाला?

पुढची चाळीस वर्षं याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. महापालिकेची भिस्त जकातीवर होती. शहराच्या वेशीवरच्या नाक्यांवर ट्रक थांबत होते, तिजोरी भरत होती आणि मिळकत कर हा दुय्यम मामला होता. मग १ एप्रिल २०१३ ला जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, बाजारपेठा ओस पडल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर उरलासुरलाही गेला. त्याऐवजी राज्याकडून दर महिन्याला भरपाई येते. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून तिच्यात दर वर्षी आठ टक्के वाढ मिळते. म्हणजे रक्कम ठरलेली आणि किल्ली मुंबईत. महापालिकेच्या स्वतःच्या हातात उरलेल्या मोठ्या उत्पन्नांमध्ये मिळकत कर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क हीच मुख्य. चाळीस टक्क्यांकडे सगळ्यांचं लक्ष वळलं ते या काळात, हा योगायोग नाही.

लेखापरीक्षकांचा आक्षेप त्याआधीच कागदावर आला होता. २०१० नंतरच्या काही वर्षांचे हिशेब तपासताना त्यांनी विचारलं, की महापालिका कायद्यात राहत्या घरासाठी अशी सवलत कुठे आहे? दुरुस्तीची वजावट कायद्यात १० टक्के असताना १५ कशी दिली? कायद्याच्या चौकटीत बोलायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. वार्षिक भाड्यातून दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर कर लागतो ती रक्कम काढायची, एवढंच नियमात आहे. पण चार दशकं चाललेली, दर वर्षीच्या अंदाजपत्रकात धरलेली, लाखो लोकांनी हक्क समजून घेतलेली गोष्ट एका आक्षेपाने बेकायदा ठरवताना तिला कायद्यात बसवता येईल का, हे आधी पाहायला हवं होतं. ते कोणी पाहिलं नाही. फाईल पुणे-मुंबई करत राहिली आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने सवलत थांबवायला लावली.

त्यानंतर झालं ते असं. १ एप्रिल २०१९ पासून ज्या मिळकतींची नव्याने आकारणी झाली त्यांना सवलत मिळालीच नाही. जुन्या मिळकतींचं जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशावर आधारित सर्वेक्षण झालं. त्यात जिथे मालक राहत नसल्याचं दिसलं, किंवा नुसतं नोंदलं गेलं, तिथली सवलत काढली गेली. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला दार कोणी उघडलं, काय सांगितलं, यावर पुढची बिलं ठरली. दिवसभर कुलूप लावून कामावर जाणाऱ्या जोडप्याचं घर 'मालक राहत नाही' या रकान्यात गेल्याची तक्रार त्या वेळी जागोजागी ऐकू येत होती. २०२२ मध्ये अशा अनेकांच्या मोबाईलवर मागच्या वर्षांच्या फरकाचे मेसेज आले, तेव्हा शहर हादरलं.

इथे आकड्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळा गोंधळ त्यांतच आहे आणि राजकीय भाषणांत तो सोयीस्कर गाळला जातो.

समजा एका फ्लॅटचं वाजवी भाडं महिन्याला १०,००० रुपये धरलं. वर्षाचे झाले १,२०,०००. जुन्या पद्धतीने त्याचे ६० टक्के म्हणजे ७२,०००, त्यातून १५ टक्के वजा, करयोग्य मूल्य ६१,२००. सवलत गेल्यावर पूर्ण १,२०,००० मधून १० टक्के वजा, म्हणजे १,०८,०००. लोकांना वाटलं चाळीस टक्के सवलत गेली, म्हणजे कर चाळीस टक्क्यांनी वाढला. मुळात साठावर मिळणारं बिल शंभरावर गेलं की वाढ चाळीस नाही, जवळजवळ ६७ टक्के होते. त्यात वजावटही पंधराची दहा झाली की ती ७६ टक्क्यांवर जाते. बिल हातात घेऊन क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहिलेले लोक 'हे चाळीस टक्के कसले?' असं ओरडत होते ते यामुळे, आणि त्यांचं गणित बरोबर होतं.

आता २०२३ ची तडजोड याच आकड्यांवर लावून पाहा. चाळीस टक्के परत आले. वजावट मात्र कायद्यातल्या दहा टक्क्यांवरच राहिली, पंधरावर गेली नाही. ७२,००० मधून १० टक्के वजा केले की ६४,८०० उरतात. पूर्वीच्या ६१,२०० शी ताडून पाहिलं तर करयोग्य मूल्य जवळपास सहा टक्क्यांनी वाढलं. 'पुणेकरांचा कर एक रुपयानेही वाढला नाही' हे वाक्य त्या महिन्यांत ज्यांनी उच्चारलं, त्यांनी हा हिशेब मांडलेला नव्हता. सहा टक्के फार नाहीत, हे मान्य. पण जाहीरपणे सहा टक्के वाढवायचे म्हटले असते तर मुख्य सभेत किती तास चर्चा झाली असती, हे जुन्या पुणेकराला सांगायला नको.

आणि खरी बोच इथे आहे. तेव्हा मुख्य सभाच नव्हती. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली नाही आणि प्रशासक आले. १९७० चा ठराव शहराच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी केला होता. २०२३ चा निर्णय मुंबईत झाला, पुण्याच्या वतीने बोलायला एकही नगरसेवक पदावर नसताना. त्याची वेळही लक्षात घ्यावी लागते. कसबा पेठेच्या पोटनिवडणुकीचं मतदान २६ फेब्रुवारी २०२३ ला झालं, २ मार्चला निकाल लागला आणि सत्ताधाऱ्यांनी जवळपास तीन दशकांचा बालेकिल्ला गमावला. प्रचारात मिळकत कराचा मुद्दा गाजलाच होता. मार्चच्या मध्यावर सवलत देण्याची घोषणा झाली. त्याच महिन्यात शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये अवैध बांधकामांवरचा शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर माफ झाला. चार वर्षं जे कायद्यात बसत नव्हतं, ते निकालानंतर काही आठवड्यांत बसलं. कर कमी झाल्याचा आनंद आहेच, तो खोटा नाही. पण आपला हक्क निवडणुकीच्या भीतीने परत येतो, हे पाहून मला समाधान वाटलं नाही.

मागची फरकाची वसुली माफ झाली, हे योग्यच झालं. ज्यांनी २०१९ नंतर पूर्ण बिल भरलं होतं त्यांचे पैसे मात्र रोख परत आले नाहीत, पुढच्या बिलांतून टप्प्याटप्प्याने वळते करायचे ठरले. पेन्शनीतून बिल भरलेल्या माणसाला चोर सोडून संन्याशाला फाशी असं वाटलं, तर त्याला दोष देता येत नाही. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. महापालिकेकडे अडकलेल्या नागरिकाच्या पैशावर कसलंच व्याज नाही.

शिवाय सवलत आपोआप आली नाही. पीटी-३ नावाचा अर्ज आला. ज्यांची सवलत आधीपासून चालू होती त्यांना तो लागत नव्हता. २०१९ नंतर आकारणी झालेल्यांना आणि सर्वेक्षणात सवलत गेलेल्यांना लागत होता. अर्जासोबत पंचवीस रुपये शुल्क, सोसायटीचं 'मालक स्वतः राहतात' असं पत्र, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रेशन कार्ड किंवा गॅसचं कार्ड यांपैकी काही, आणि पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. हे सगळं क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे द्यायचं. मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती, ती वाढवावी लागली. आमच्या सोसायटीत हे अर्ज भरायला मी मदत केली आहे. तरुणांचं काम पटकन उरकतं. अडतात ते ज्येष्ठ. फ्लॅट वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, मुलगा परदेशात, आणि राहणाऱ्या काकूंकडे 'मालक' म्हणून एकही कागद नाही. सवलत ज्यांच्यासाठी हवी, त्यांनाच ती सिद्ध करणं सर्वांत अवघड जातं.

नव्या वस्त्यांचा राग वेगळा आहे, आणि तोही समजून घ्यायला हवा. वाजवी भाडं पहिल्या आकारणीच्या वेळी ठरतं. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या तीस वर्षं जुन्या फ्लॅटचं बिल आणि बालेवाडी-खराडीतल्या तेवढ्याच आकाराच्या नव्या फ्लॅटचं बिल यांत मोठी तफावत असते, रस्ते आणि पाणी जुन्या भागात चांगलं असूनही. सवलत गेली तेव्हा सर्वांत जास्त मार पडला तो या नव्या बिलांवर. २०१० मध्ये भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर कर आकारण्याची मुभा कायद्याने दिली, मुंबई त्या वाटेने गेली. पुण्यात भाड्यावर आधारित पद्धतच राहिली. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये पूर्ण माफी मिळाल्यावर पुण्यातही तशी मागणी झाली, ती पुढे सरकली नाही.

हद्दीत आलेल्या गावांची कहाणी तर अजून चालू आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. ग्रामपंचायतीचा कर भरणाऱ्यांना महापालिकेची बिलं मिळाली, पाण्याचे टँकर मात्र तेच राहिले. अवैध ठरलेल्या बांधकामांना तिप्पट आकारणी लागली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी कराला कंटाळूनच बाहेर पडायचा हट्ट धरला आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. उरलेल्या गावांतल्या वसुलीला २०२४ मध्ये स्थगिती मिळाली, तीही मुंबईतूनच. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. बिलं थांबत नाहीत, वसुली थांबते, आणि उद्या ती उठली तर साठलेला आकडा एकदम दारात येणार.

चाळीस टक्क्यांचंही काहीसं तसंच आहे. दहा टक्क्यांची वजावट कायद्याच्या नियमात लिहिलेली आहे. राहत्या घराचं भाडं साठ टक्के धरण्याची सवलत शासनाच्या निर्णयावर उभी आहे. ती महापालिका कायद्यातच लिहावी, म्हणजे पुढच्या लेखापरीक्षणात तोच प्रश्न पुन्हा विचारता येणार नाही, ही मागणी सजग नागरिक लावून धरत आले आहेत. माझाही आग्रह तोच आहे. मुख्य सभेत बसणाऱ्या नगरसेवकांकडे हाच ठराव मागायला हवा. सोबत पंधरा टक्के वजावटीचं काय करायचं, याचा हिशेबही उघडपणे मांडायला लावायला हवा.