व्हेंटिलेटर आणि एक्मो: फुप्फुसाची वाट पाहतानाची दोन वेगळी बिलं

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णाची प्रकृती ढासळली की आयसीयूबाहेर दोन शब्द कानावर पडतात, व्हेंटिलेटर आणि एक्मो. एक्मो म्हणजे मोठा व्हेंटिलेटर असं समजून घरचे सही करतात आणि खर्चाचा अंदाज तिथेच चुकतो.

व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा ढकलतो, पण प्राणवायू रक्तात मिसळायचं काम त्या आजारी फुप्फुसालाच करावं लागतं. एक्मो ते काम स्वतःकडे घेतो. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर येतं, ऑक्सिजनेटरमध्ये कार्बन डायऑक्साइड टाकून प्राणवायू घेतं आणि शरीरात परततं.

व्हेंटिलेटरचं बिल दिवसागणिक वाढतं. आयसीयूचं भाडं, औषधं, आणि संसर्ग झालाच तर महागडी अँटिबायोटिक्स. एक्मोचा मोठा आकडा पहिल्याच दिवशी येतो, कारण ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचा संच एकाच रुग्णासाठी वापरता येतो. त्यावर रोजचा खर्च वेगळाच: रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, त्यासाठी वारंवार तपासण्या, रक्तस्राव झाला तर रक्ताच्या पिशव्या, शिवाय प्रशिक्षित माणसांची चोवीस तास देखरेख. ऑक्सिजनेटरमध्ये गुठळ्या झाल्या की तो बदलावा लागतो. पुष्कळांना दोन्ही यंत्रं एकदम लागतात, तेव्हा दोन्ही बिलं चालू राहतात.

म्हणून कमी खर्चाचा व्हेंटिलेटरच बरा, असं मात्र नाही. व्हेंटिलेटरवर गुंगीत पडून राहिलेल्या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झिजतात. एक्मोवर काही रुग्णांना जागं ठेवून, बसवून, चालवूनही व्यायाम देता येतो, आणि शस्त्रक्रियेला ते अधिक ताकदीने सामोरे जातात.

खरी अडचण तारखेची आहे: फुप्फुस कधी मिळेल, ते सांगता येत नाही. रक्तगट आणि छातीचा आकार जुळणारा दाता मिळावा लागतो. महाराष्ट्रात अवयवांचं वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समित्यांमार्फत होतं. अवयवाची खरेदी-विक्री 1994च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे पैसे मोजून नंबर पुढे सरकत नाही.

तेव्हा सही करण्याआधी डॉक्टरांना विचाराच: रुग्णाची यादीत नोंद झाली आहे का, की अजून तपासण्याच चालू आहेत? संच बदलावा लागला तर तो पॅकेजमध्ये धरलाय का? विमा कंपनी किती रकमेपर्यंत मंजुरी देणार, हे लेखी घ्या. आणि विचारायला जड जाणारा प्रश्नही विचारा: मधेच रुग्ण प्रत्यारोपणाला अपात्र ठरला, तर एक्मो कधी आणि कोणाच्या निर्णयाने थांबवायचा?