शिळा म्हणजे सुका नव्हे

बिस्किटांचा पुडा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी बिस्किटं सादळलेली असतात. त्याच फळीवर ब्रेड उघडा राहिला तर तो कडक झालेला असतो. दोन्ही पिठाचेच पदार्थ, हवाही तीच, तरी एक मऊ पडतं आणि दुसरा दगड होतो. जाड सालीचा ब्रेड असेल तर गंमत आणखी वाढते. ताजेपणी कुडकुडीत असलेली साल दुसऱ्या दिवशी वातड होते आणि आतला लुसलुशीत गाभा घट्ट होतो. म्हणजे सादळणं आणि कडक होणं, दोन्ही एकाच ब्रेडमध्ये, एकाच रात्रीत.

अशा ब्रेडच्या पातळ चकत्या भाजून, वर काहीतरी चटकदार ठेवून जेवणाआधी खायला द्यायची युक्ती जुनीच आहे. इटालियन लोक या चकत्यांना क्रोस्तिनी म्हणतात. करायला सोपा प्रकार, पण फसतोही तितक्याच सहज. तो का फसतो हे कळायला आधी ब्रेड शिळा होतो म्हणजे नक्की काय होतं ते पाहावं लागतं.

‘वाळतो, आणखी काय’ हे आपलं ठरलेलं उत्तर. ते चूक आहे, हे झाँ-बाप्टिस्ट बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1852 सालीच दाखवून दिलं. ओलावा बाहेर जाऊ दिला नाही तरी ब्रेड शिळा होतोच, असं त्याला आढळलं. शिवाय शिळा ब्रेड पुन्हा तापवला की तो मऊ होतो, हेही त्यानं पाहिलं. आता तापवल्यावर ब्रेडमधलं पाणी कमीच होणार, वाढणार तर नाही. पाणी कमी होऊनही जो मऊ होतो, तो नुसता वाळल्यामुळे कडक झाला असेल कसा?

खरी भानगड स्टार्चची आहे. गव्हाच्या स्टार्चमध्ये साधारण चौथा हिस्सा अमायलोज आणि उरलेला अमायलोपेक्टिन असतो. अमायलोजच्या साखळ्या सरळसोट, अमायलोपेक्टिनच्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. कच्च्या पिठात या साखळ्या कणांमध्ये शिस्तीत रचलेल्या असतात. भट्टीत तापमान 60 अंश सेल्सियसच्या वर गेलं की कण पाणी पिऊन फुगतात आणि ती शिस्त मोडते. ब्रेड निवताना अमायलोज काही तासांतच सावरतो. ताज्या ब्रेडची चकती कापता येते ती त्याच्यामुळेच, कारण गरमागरम ब्रेड सुरीखाली नुसता चेपतो. अमायलोपेक्टिन मात्र संथ. त्याच्या फांद्या पुढचे दिवसचे दिवस एकमेकींशेजारी सरकत, पुन्हा बारीक स्फटिकांच्या रांगा लावत बसतात. या रांगांनी गाभा ताठरतो आणि थोडं पाणीही त्यांच्यात अडकून पडतं. पाणी ब्रेडमध्येच असतं, पण जिभेला ते जाणवत नाही. म्हणून आपण म्हणतो, सुका झाला.

दरम्यान गाभ्यातला काही ओलावा कोरड्या सालीकडे सरकतो आणि साल सादळते. सुरुवातीचं कोडं इथं सुटलं. बिस्किटात मुळातच पाणी जेमतेम, त्यामुळे ते हवेतला ओलावा ओढून मऊ पडतं. गाभ्याचा कडकपणा हा स्फटिकांचा, त्याचा हवेशी फारसा संबंध नाही.

ब्रेड ताजा राहावा म्हणून आपण तो फ्रीजमध्ये ठेवतो. या स्फटिकांना नेमकी तीच जागा सगळ्यात जास्त मानवते! गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानात ते सगळ्यात भराभर वाढतात. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये मात्र रेणूंची हालचालच जवळपास थांबते, म्हणून तिथं ब्रेड टिकतो. फ्रीजमुळे बुरशी लांबते हे खरं. पण बुरशी आणि शिळेपणा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. बुरशी धरलेला ब्रेड सरळ टाकावा. तिचे तंतू दिसणाऱ्या ठिपक्याच्या बरेच आत गेलेले असतात आणि काही बुरश्यांची विषं भाजूनही जात नाहीत.

आता चकत्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये गेल्या आहेत असं समजू. साधारण 60 अंशांच्या पुढे अमायलोपेक्टिनचे स्फटिक वितळू लागतात आणि ब्रेड, बुसँगोनं पाहिला तसा, मऊ होतो. म्हणजे कुरकुरीत होण्याच्या वाटेवर शिळा ब्रेड आधी ताजा होऊन जातो. चार मिनिटांनी एक चकती बाहेर काढून दाबून बघा, कालच्यापेक्षा मऊ लागेल. हा ताजेपणा अल्पायुषी असतो. निवल्यावर स्फटिक पुन्हा कामाला लागतात. आणि आपल्याला ताजा ब्रेड हवाच कुठे होता? आपल्याला हवा आहे कुरकुरीतपणा, आणि तो मिळवायचा तर पाणी खरोखर बाहेर काढावं लागतं.

ते काही थोडंथोडकं नसतं. 100 ग्रॅम ब्रेडमध्ये साधारण 35 ते 40 ग्रॅम पाणी असतं. एक ग्रॅम पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला 75 कॅलरी उष्णता पुरते, पण त्याच एका ग्रॅमची वाफ करायला आणखी 540 कॅलरी लागतात, सातपटीहून जास्त. टोस्टला लागणारा वेळ मुख्यतः या वाफेचा असतो. घरात वजनकाटा असेल तर चकत्या आधी आणि नंतर तोलून पाहा. 100 ग्रॅमचे 65 ग्रॅमच्या आसपास झाले तर काम फत्ते. 80 वर अडकले असतील, तर रंग कितीही सुंदर असू दे, त्या चकत्या दगा देणार.

हे मी अनुभवानं सांगतोय. पहिल्यांदा घाईत ओव्हन 220 अंशांवर ठेवला. आठ मिनिटांत झकास सोनेरी रंग आला, मी खूश. ताटलीत रचून ठेवल्या आणि दहा मिनिटांनी पाहुण्यांनी उचलल्या, तर मधोमध वाकल्या. पृष्ठभाग सुकून तांबूस झाला होता, पण पोटात पाणी तसंच होतं. तेच हळूहळू बाहेरच्या थरात शिरलं. भरीस भर म्हणून गरम चकत्या सपाट ताटलीत ठेवल्यामुळे खालच्या बाजूनं निघालेली वाफ तिथंच थिजली. पाहुणे सभ्य होते, चावत राहिले. तेव्हापासून मी सुकवणं आणि रंग आणणं ही कामं वेगळी करतो. सेंटीमीटरभर किंवा त्याहून पातळ चकत्या 150 अंशांवर वीसेक मिनिटं, मध्ये एकदा उलटून, आणि शेवटची तीनचार मिनिटं आच वाढवून. नंतर जाळीवर. तव्यावर करायचं तर मंद आच, आणि झाकण अजिबात नको. गोडसर ब्रेडला जास्त जपावं लागतं, कारण त्यातल्या साखरेमुळे तो सुकण्याआधीच रंग धरतो.

शिळ्या ब्रेडचा खरा फायदा या कामात दिसतो. ताठरलेला गाभा सुरीखाली चेपत नाही, त्यामुळे पातळ आणि सारख्या चकत्या निघतात आणि आतली जाळी शाबूत राहते. ताज्या ब्रेडच्या इतक्या पातळ चकत्या काढताना जाळी मिटते, आणि मिटलेल्या जाळीतून वाफ सुटायला वाट राहत नाही.

पाणी गेल्यावर जे उरतं ते भौतिकशास्त्राच्या भाषेत काचेसारखं असतं. स्टार्च आणि ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनाच्या साखळ्या पाण्याच्या वंगणामुळे एकमेकींवरून सरकू शकतात. वंगण काढून घेतलं की त्या जागच्या जागी थिजतात, खिडकीच्या काचेसारख्या अस्ताव्यस्त आणि ठिसूळ. पण ही अवस्था तापमानावरही अवलंबून असते, म्हणून ओव्हनमधून नुकतीच काढलेली चकती थोडी लवचिक लागते. ‘अजून झाली नाही’ म्हणून ती परत आत ढकलणं ही नेहमीची चूक, त्यात करपतात. एक चकती दोन मिनिटं निवू द्या आणि मोडा. कट्‌कन मोडली तर झाली. वाकून मग तुटली तर आत पाणी आहे.

तो ‘कट्‌’ आवाज चवीचाच भाग असतो. जाळीच्या पातळ भिंती एकामागून एक फुटतात आणि प्रत्येक भिंत आवाजाची एक बारीकशी ठिणगी सोडते. मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी 2004 साली बटाट्याचे चिप्स खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. त्यातला उच्च कंप्रतेचा भाग वाढवला की तेच चिप्स लोकांना अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटले. या कामाला 2008 सालचं इग्नोबेल मिळालं. हसावं आणि मग विचार करावा, असं हे पारितोषिक.

खरपूसपणा हे आणखी वेगळं खातं. त्यामागची अभिक्रिया लुई-कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली मांडली. शर्करा आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकत्र येतात आणि शेकडो नवी गंधद्रव्यं तयार होतात. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान 100 अंशांच्या पुढे फारसं जात नाही, म्हणून रंग येतो तो सुकलेल्या जागी. ब्रेडच्या भाजक्या वासात 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलीन या रेणूचा मोठा वाटा असतो. सुवासिक तांदूळ शिजताना दरवळतो तो प्रामुख्यानं याच रेणूमुळे. सोनेरी रंगावर थांबावं. काळपट होईपर्यंत भाजलं तर कडवटपणा येतो आणि अ‍ॅक्रिलमाइड हा नकोसा पदार्थही वाढतो. पिठाच्या आणि बटाट्याच्या पदार्थांत तो सापडतो, हे 2002 साली स्वीडनमधून जाहीर झालं तेव्हा बरीच खळबळ उडाली होती.

राहिलं वरचं सारण, आणि पाणी पुन्हा आडवं येतं. भाजलेल्या चकतीची जाळी म्हणजे बारीक नळ्यांचं जंगल. टोमॅटोचा रस केशाकर्षणानं तिच्यात सरसर चढतो आणि आपण अर्धा तास खपून घडवलेली काच काही मिनिटांत पुन्हा वातड होते. त्यावर उपाय दोन. चिरलेल्या टोमॅटोला मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवायचं, सुटलेलं पाणी गळू द्यायचं. आणि चकतीवर आधी लोणी किंवा मऊ चीज यांचा हात फिरवायचा, म्हणजे स्निग्धाचा थर ओलाव्याला थोडा वेळ थोपवून धरतो. भाजण्याआधी दोन्ही बाजूंना ब्रशनं तेल लावण्याचं एक कारण हेच. दुसरं असं, की तेल खडबडीत पृष्ठभागावरच्या फटी भरून उष्णता सगळीकडे सारखी पोचवतं.

लसूण आवडत असेल तर तो तेलात घालून भाजू नका. चकती भाजून झाल्यावर सोललेली अख्खी पाकळी तिच्यावर घासा. खरखरीत टोस्ट किसणीचं काम करतो. पाकळीतल्या पेशी फाटतात, आतापर्यंत वेगळ्या ठेवलेल्या अ‍ॅलिन आणि अ‍ॅलिनेज हे विकर या दोघांची गाठ पडते आणि झणझणीत अ‍ॅलिसिन तिथंच, चकतीवर तयार होतं. आधीच भाजलेल्या लसणात हे होत नाही, कारण ते विकर उष्णतेनं निकामी झालेलं असतं. दोनचार फटकाऱ्यांतच पाकळी अर्धी झिजलेली दिसेल.