चंद्रपूर ते पडघे: तार तापण्याआधीच अडते कुठे?

कोळसा चंद्रपूरला, लोड (विजेची मागणी) मुंबई-पुण्याला, मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंतचे अंतर साधारण 750 किलोमीटर. 1980 च्या दशकात चंद्रपूरचे वीजनिर्मिती संच एकेक करून सुरू झाले आणि ही वीज पश्चिमेला आणायचे काम 400 केव्ही एसी लाइनींवर पडले.

हिशेब मांडून बघा. अशा लाइनीचा रिअ‍ॅक्टन्स (एसी करंटला होणारा अडथळा) किलोमीटरला सुमारे 0.33 ओहम, म्हणजे 750 किलोमीटरला 250. दोन टोकांच्या व्होल्टेजचा गुणाकार भागिले रिअ‍ॅक्टन्स: 1,60,000 भागिले 250, उत्तर 640 मेगावॅट. तेही दोन टोकांच्या व्होल्टेज-लहरींच्या कोनात 90 अंशांचा फरक धरून. प्रत्यक्षात 30 अंशांच्या आसपास थांबलेले बरे; नाहीतर शेजारची लाइन ट्रिप झाली की संच ताल सोडतात. 30 अंशांना उरतात 320 मेगावॅट. तार मात्र याच्या दुप्पट वीज न कुरकुरता वाहते. (मधली उपकेंद्रे व्होल्टेज सावरतात, म्हणून चित्र इतके वाईट नसते.)

सिरीज कपॅसिटर (लाइनीतच जोडलेला कपॅसिटर) घालून 40 टक्के रिअ‍ॅक्टन्स कापला, तर 320 चे 530 होतात. स्वीडनने 1950 मध्येच 220 केव्हीवर हे केले. पण 1970 आणि 1971 मध्ये अमेरिकेतल्या मोहावी केंद्रात जनरेटरचा शाफ्ट दोनदा खराब झाला: कपॅसिटर आणि लाइनीचा अनुनाद शाफ्टच्या पिळाच्या कंपनाशी जुळला होता. तेव्हापासून मोठ्या संचांजवळ सिरीज कपॅसिटर बसवताना हा अभ्यास आधी होतो.

चंद्रपूर–पडघ्यासाठी वेगळी वाट निवडली गेली: ±500 केव्ही, 1500 मेगावॅटची एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी लाइन), 1990 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली. डीसीत कोनाची अडचण नाही. पण थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा, एसी-डीसी बदल करणारा कन्व्हर्टर स्वतःच रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज टिकवायला लागणारी, पण काम न करता मागे-पुढे झुलणारी वीज) खातो, वाहिलेल्या मेगावॅटच्या निम्म्याहून अधिक. ती फिल्टर आणि कपॅसिटर बँकांतून पुरवावी लागते. पडघ्याजवळ फॉल्ट येऊन एसी व्होल्टेज खाली गेले, तर थायरिस्टर वेळेवर बंद होत नाही आणि वीज क्षणभर अडते.

खरी मेख या बँकांतल्या कपॅसिटरमध्येच आहे. त्याचे मेगाव्हार (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचे माप) व्होल्टेजच्या वर्गाने घटतात: व्होल्टेज 90 टक्क्यांवर आले की हाती 81 टक्केच. गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो हात आखडतो. 23 जुलै 1987 ला टोकियोत जेवणाच्या सुट्टीनंतर एअर कंडिशनरांचा लोड मिनिटाला सुमारे 400 मेगावॅटने चढला. कपॅसिटर जोडलेले असूनही व्होल्टेज घसरतच गेले आणि सुमारे 8,000 मेगावॅट लोड गेला.

स्टॅटकॉम (इलेक्ट्रॉनिक स्विचांनी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर देणारे-घेणारे यंत्र) हा याचा उतारा: तो करंट टिकवतो, म्हणून 90 टक्के व्होल्टेजला 90 टक्के मेगाव्हार देतो, तेही काही मिलिसेकंदांत. सोलापूर आणि औरंगाबादला ±300 मेगाव्हारचे असे संच बसले आहेत. त्यातली उणे बाजू, म्हणजे मेगाव्हार शोषून घेणे, रात्री कामाला येते: 765 केव्हीची 300 किलोमीटर लाइन रिकामी असली तरी साधारण 700 मेगाव्हार स्वतःच सोडते. हे शोषणारे रिअ‍ॅक्टर पुरले नाहीत की व्होल्टेज उतरवायला ऑपरेटर चक्क चांगली लाइन उघडून, म्हणजे बंद करून ठेवतो.