जुन्या फायबर बोटीचा तळ: आधी वाळवा, मग रंगवा

बोट पाण्याबाहेर काढली की तळ ओला असतानाच धुऊन घ्या. ओलं शेवाळ पाण्याच्या झोताने सुटतं, वाळलेलं खरवडावं लागतं. मग तळावर हात फिरवून फोड शोधा आणि लगेच खूण करा. बोट वाळू लागली की बारीक फोड बसतात, पुढच्या आठवड्यात सापडत नाहीत.

जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, पाणी पूर्ण अडवत नाही. ते हळूहळू आत झिरपतं, फायबर बांधून ठेवणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमधले काही घटक त्यात विरघळतात आणि हा आम्लयुक्त द्रव आणखी पाणी खेचतो. दाब वाढून जेलकोट फुगतो. फोड उघडताना गॉगल हवाच, चिळकांडी थेट डोळ्यात जाते. द्रवाला व्हिनेगरसारखा वास आणि बोटांना चिकटपणा असेल, तर तो ऑस्मोसिस, म्हणजे असं पाणी झिरपून आलेला फोड. फोडाखाली जेलकोट अखंड दिसला, तर दोष फक्त रंगाचा.

चार-सहा फोडांसाठी सगळा जेलकोट सोलायला आम्ही सांगत नाही. तेवढेच फोड घट्ट, कोरडा थर लागेपर्यंत घासा आणि गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. वाळायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. घाई इथेच नडते: ओल आत कोंडली की वर्ष-दोन वर्षांत फोड परत येतात. पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने चिकटवा. २४ तासांनी आतून दव दिसलं, तर थांबा. दिसलं नाही म्हणजे आतला थर वाळलाच असं नव्हे. मोठ्या कामाआधी ओलावामापकाने तपासून घ्या.

खड्डे इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) पुट्टीनेच भरा, पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. त्यावर इपॉक्सीचे पाच-सहा हात, सुकल्यावर एकूण जाडी सुमारे २५० ते ३०० मायक्रॉन. दोन रंग आलटून पालटून वापरले की सुटलेली जागा लगेच दिसते. तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागतं) किमान ३ अंश जास्त हवं. सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर आला, तर घासण्याआधी पाणी आणि खरखरीत पॅडने धुवा. आधी घासलात तर तो आणखी पसरतो.

शेवाळरोधक रंगाचा पहिला हात शेवटची इपॉक्सी किंचित चिकट असताना, डब्यावरच्या वेळेतच द्या. जुना शेवाळरोधक कोरडा घासू नका, धूळ विषारी असते. जस्ताचे अॅनोड (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) रंगवू नका. अॅल्युमिनियमच्या सेलड्राइव्हला (इंजिनपासून तळातून पाण्यात उतरणारा, प्रोपेलर फिरवणारा भाग) तांबं असलेला रंग लावू नका, धातू खाल्ला जातो.