लाइल थॉम्प्सन आणि ‘व्यावसायिक’ या शब्दाचा इतिहास

ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे 141 वे अधिवेशन मुंबईत भरले आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कोणते नवे खेळ असावेत, याचा निर्णय तेथे झाला. आपल्याकडे त्या दिवशीची बातमी अर्थातच क्रिकेटची होती. त्याच ठरावात स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांच्याबरोबर लॅक्रॉस या, टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याच्या खेळाचेही नाव होते, आणि न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहराच्या दक्षिणेला असलेल्या ओनोंडागा या मूळनिवासी राष्ट्राच्या भूमीवर या नावाला वेगळेच वजन होते. तेथे वाढलेला लाइल थॉम्प्सन हा लॅक्रॉसच्या सध्याच्या पिढीतील सर्वांत कुशल खेळाडूंपैकी एक मानला जातो. खेळ त्याच्या पूर्वजांचा आहे. तरीही ऑलिम्पिकमध्ये त्याला स्वतःच्या राष्ट्राच्या ध्वजाखाली उतरता येईल की नाही, हा प्रश्न त्या निर्णयाबरोबरच उभा राहिला. या प्रश्नाची मुळे लाइलच्या जन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची आहेत आणि ती ‘व्यावसायिक’ या एका शब्दात गुंतलेली आहेत.

मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्कारोरा या सहा राष्ट्रांचा संघ स्वतःला हॉडेनोशोनी म्हणवतो. बाहेरच्या जगाने त्यांना बराच काळ इरोक्वॉय या नावाने ओळखले. त्यांच्या श्रद्धेनुसार लॅक्रॉस हा सृष्टिकर्त्याला आनंद देण्यासाठी खेळायचा खेळ आहे. एखादा माणूस आजारी पडला किंवा समाजावर संकट आले, तर औषध म्हणूनही सामना खेळला जातो. त्यात काठी लाकडाची आणि चेंडू हरणाच्या कातड्याचा असतो. मुलगा जन्माला आला की त्याच्याजवळ लहानशी काठी ठेवण्याची आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्यासोबत पुरण्याची प्रथा आजही पाळली जाते. सतराव्या शतकात फ्रेंच जेझुइट मिशनऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील मूळनिवासींचा हा खेळ पाहिला आणि त्यांच्या लेखनातून ‘ला क्रॉस’ हे फ्रेंच नाव रूढ झाले. म्हणजे खेळाचे आजचे नावसुद्धा पाहणाऱ्यांनी दिलेले आहे.

ही काठी कशी होते, हे समजून घेतले की त्या समाजाशी तिचे नाते कळते. हिकरी या चिवट लाकडाचा ओंडका उभा चिरून त्याच्या लांब फाळ्या काढतात, वाफेवर लाकूड मऊ करून त्याचे टोक आकड्यासारखे वाकवतात आणि ते त्याच आकारात बांधून सुकत ठेवतात. पुढे दोन मुठींच्या सुरीने ते तासून हातात बसेल इतके बारीक करतात, कडेला भोके पाडतात आणि चामड्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी विणतात. एका काठीला कित्येक महिने लागतात. ओनोंडागाचे आल्फ जॅक्स या काठ्या घडवण्यासाठी प्रसिद्ध होते. वडिलांच्या हाताखाली शिकलेली ही कला त्यांनी 2023 मध्ये मृत्यू येईपर्यंत जपली. 1970 च्या सुमारास प्लास्टिकचे डोके असलेल्या काठ्या बाजारात आल्या आणि बहुतेक जगासाठी लाकडी काठी इतिहासजमा झाली. थॉम्प्सन भावंडे मात्र लाकडी काठी हातात धरूनच मोठी झाली.

खेळाचे आधुनिक रूप माँट्रियलमध्ये घडले. विल्यम जॉर्ज बीअर्स नावाच्या दंतवैद्याने 1860 च्या दशकात नियम लिहून काढले, कातडी चेंडूच्या जागी रबराचा चेंडू आणला, खेळाडूंची संख्या ठरवून दिली आणि 1867 मध्ये कॅनडाची राष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. त्याच नियमांत गोऱ्यांच्या क्लबकडून मूळनिवासी खेळाडूने पूर्वसंमतीशिवाय खेळू नये, अशीही तरतूद होती. मोहॉक खेळाडूंचे प्रदर्शनी सामने मात्र गर्दी खेचत असत. 1876 मध्ये त्यांचा एक संघ इंग्लंडला नेण्यात आला आणि राणी व्हिक्टोरियाने विंडसर येथे त्यांचा खेळ पाहिला.

यानंतर जे घडले ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत अन्यायकारक वाटते. मूळनिवासी संघांकडे श्रीमंत सभासद नव्हते. दूरच्या गावी सामना खेळायचा तर प्रवासखर्चासाठी त्यांना पैसे घ्यावे लागत. व्हिक्टोरियन काळातील क्रीडानीतीनुसार खेळातून एक पैसा घेणारा माणूस हौशी राहत नसे, आणि हौशी नसलेल्याला प्रतिष्ठित स्पर्धेत स्थान नसे. 1880 च्या सुमारास कॅनडाच्या संघटनेने स्वतःला हौशी म्हणून जाहीर केले आणि ‘व्यावसायिक’ ठरलेले मूळनिवासी खेळाडू राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून बाहेर पडले. 1904 च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये मोहॉक खेळाडूंच्या एका संघाने कांस्यपदक मिळवले, पण तेही कॅनडाचा दुसरा संघ म्हणून. 1908 नंतर लॅक्रॉस पदकांच्या यादीतूनच गेले.

हॉडेनोशोनी वस्त्यांमध्ये खेळ थांबला नाही. 1930 च्या दशकात कॅनडातील आइस हॉकीच्या संघमालकांनी उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या रिंगणांसाठी ‘बॉक्स लॅक्रॉस’ हा प्रकार काढला. मोकळ्या मैदानावर दहा जणांचा संघ असतो, तर या बंदिस्त रिंगणात गोलरक्षकासह सहा जण खेळतात. जाळे लहान, जागा अपुरी, भिंतींवर आदळणे नित्याचे; त्यामुळे चेंडू अंगाजवळ लपवणे, पाठीमागून पास देणे आणि मुठीएवढ्या फटीतून गोल करणे ही कौशल्ये येथे आपोआप तयार होतात. हा प्रकार हॉडेनोशोनी वस्त्यांनी मनापासून स्वीकारला आणि लाइलचा खेळही याच रिंगणात घडला.

लाइलचा जन्म 1992 चा. जेरेमी, हायाना (जेरोम) आणि माइल्स हे त्याचे थोरले भाऊ, आणि चौघेही पुढे व्यावसायिक खेळाडू झाले. माइल्स, लाइल आणि त्यांचा चुलतभाऊ टाय या तिघांनी ऑल्बनी विद्यापीठात प्रवेश घेतला. लॅक्रॉसमधील नामांकित विद्यापीठांच्या यादीत ऑल्बनीचे नाव तेव्हा वरचे नव्हते. या तिघांनी तेथील सामने पाहण्यासाठी लोकांना दुरून यायला लावले. 2014 च्या हंगामात लाइलने 51 गोल आणि 77 साहाय्य अशी 128 गुणांची नोंद केली. 1992 पासून अबाधित असलेला 114 गुणांचा विक्रम त्याने मोडला. विद्यापीठ सोडताना त्याच्या नावावर 400 गुण होते, आणि त्यांपैकी 225 दुसऱ्याला गोल करून देण्याचे होते. त्याच्या खेळाचे मर्म या शेवटच्या आकड्यात आहे असे मला वाटते, कारण गोलच्या मागे उभे राहून, एका हाताने काठी डोलवत, दुसऱ्या खांद्याने बचावपटूला दूर ठेवत तो वाट पाहतो ती सहकारी मोकळा होण्याची.

अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट विद्यापीठीय खेळाडूला दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नाव ट्यूआराटन. लॅक्रॉससाठीचा मोहॉक शब्दच त्यासाठी घेतलेला आहे आणि मानचिन्हावर मोहॉक खेळाडूचा पुतळा आहे. 2001 मध्ये सुरू झालेला हा सन्मान 2014 मध्ये लाइल आणि माइल्स यांना संयुक्तपणे मिळाला, तेव्हा तो मिळवणारे ते पहिले मूळनिवासी ठरले. 2015 मध्ये लाइलला तो पुन्हा मिळाला.

त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. मोकळ्या मैदानावरील मेजर लीग लॅक्रॉसच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, फ्लोरिडा लाँचने आणि बंदिस्त रिंगणातील नॅशनल लॅक्रॉस लीगमध्ये जॉर्जिया स्वार्मने, अशा दोन्हीकडे त्याची पहिल्याच क्रमांकाने निवड झाली. हिवाळा ते वसंत रिंगणात आणि उन्हाळा मैदानावर, असे या खेळाडूचे वर्ष विभागलेले असते. 2017 मध्ये स्वार्मने सॅस्कॅचेवन रशला हरवून लीगचे विजेतेपद मिळवले आणि लाइल त्या मोसमाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

‘व्यावसायिक’ हा शब्द ऐकून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आयपीएलचा लिलाव येणे स्वाभाविक आहे, पण लॅक्रॉसमध्ये ते चित्र लागू होत नाही. 1987 मध्ये चार संघांनिशी सुरू झालेली रिंगणातील लीग नाव बदलत 1998 मध्ये नॅशनल लॅक्रॉस लीग झाली. 2001 मध्ये मैदानी लीग आली. 2018 मध्ये पॉल रेबिल आणि त्यांचे बंधू माइक यांनी प्रीमियर लॅक्रॉस लीगची स्थापना केली आणि 2020 च्या अखेरीस जुनी मैदानी लीग तिच्यात विलीन झाली. एवढ्या वाटचालीनंतरही बहुतेक खेळाडूंचे पोट केवळ खेळावर भरत नाही. आठवडाभर नोकरी, शुक्रवारी विमान, शनिवारी सामना आणि सोमवारी पुन्हा कामावर, हा अनेकांचा क्रम राहिला आहे. बफेलो बँडिट्सचे जॉन टव्हारेस 1992 ते 2015 असे चोवीस मोसम खेळले, गोलांचे विक्रम त्यांनी आपल्या नावावर केले, आणि खेळत असतानाच ते शाळेत गणित शिकवत होते. थॉम्प्सन बंधूंनी स्वतःच्या नावाने लॅक्रॉसचा व्यवसाय उभा केला आणि मूळनिवासी वस्त्यांमधील मुलांसाठी शिबिरे घेतली. प्रवासखर्चासाठी घेतलेल्या पैशांवरून ज्यांच्या पूर्वजांना ‘व्यावसायिक’ म्हणून बाहेर काढले, त्यांच्या वंशजांना खरोखर व्यावसायिक झाल्यावरही दुसरा आधार शोधावा लागतो, हे विसरता येत नाही.

पैशांपलीकडचाही एक प्रसंग नोंदवला पाहिजे. लाइल लांब वेणी घालतो; त्याच्या समाजात केस ही ओळखीची आणि श्रद्धेची बाब आहे. जानेवारी 2019 मध्ये फिलाडेल्फियातील सामन्यात मैदानावरील निवेदकाने ती वेणी कापण्याची भाषा ध्वनिक्षेपकावरून केली आणि काही प्रेक्षकांनीही तसेच ओरडून साथ दिली. ज्या समाजातील मुलांना सरकारी निवासी शाळांमध्ये नेऊन पहिल्यांदा त्यांचे केस कापले जात, त्या समाजातील खेळाडूला हे ऐकावे लागले. लाइलने ही गोष्ट जाहीरपणे मांडली, यजमान संघाने माफी मागितली आणि निवेदकाला काढून टाकले.

आता राष्ट्रीय संघाकडे वळू. हॉडेनोशोनींचा स्वतंत्र संघ 1983 मध्ये ओरेन लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला आणि 1990 मध्ये पर्थ येथील जागतिक स्पर्धेत तो प्रथम उतरला. शंभर वर्षांपूर्वी बंद झालेले दार स्वतःच्या नावाने उघडण्याचा हा प्रयत्न होता. हा संघ स्वतःच्या पारपत्रावर प्रवास करतो. 1923 मध्ये कयूगा नेते डेस्काहे आपल्या लोकांची बाजू राष्ट्रसंघापुढे मांडण्यासाठी जिनिव्हाला गेले, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. 2010 मध्ये मँचेस्टरला निघालेल्या संघाची हीच पारपत्रे ब्रिटनने नाकारली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी परतीच्या प्रवासासाठी एकवेळची सवलत दिली होती, तरी ब्रिटनने व्हिसा दिला नाही. अमेरिकी किंवा कॅनडाचे पारपत्र घेतले असते तर प्रश्न लगेच सुटला असता. संघाने ते घेतले नाही आणि स्पर्धा सोडली. 2014 ला डेन्व्हर, 2018 ला इस्राएलमधील नेतान्या आणि 2023 ला सॅन डिएगो, अशा पुढच्या तिन्ही जागतिक स्पर्धांत हॉडेनोशोनींनी कांस्यपदक मिळवले आणि तिन्ही वेळा लाइल संघात होता. 2022 च्या अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील जागतिक क्रीडा स्पर्धेत त्यांना सुरुवातीला स्थान नव्हते. ते मिळावे म्हणून आयर्लंडने आपली जागा सोडली.

मुंबईतील निर्णयानंतर हाच प्रश्न ऑलिम्पिकच्या दारात आला. ऑलिम्पिकमध्ये मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीमार्फतच संघ पाठवता येतो आणि हॉडेनोशोनींची अशी समिती नाही. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडन यांनी त्यांना स्वतःच्या ध्वजाखाली खेळू द्यावे असे जाहीर आवाहन केले. त्यावर ऑलिम्पिक समितीने सांगितले की हॉडेनोशोनी खेळाडूंनी आपापल्या पारपत्रानुसार अमेरिका किंवा कॅनडा यांच्या संघातून खेळावे. 1904 मध्ये मोहॉक खेळाडूंना मिळालेली जागा नेमकी तीच होती. लॉस एंजेलिसमध्ये सहा जणांच्या संघांचे सामने सुरू होतील, तेव्हा लाइल थॉम्प्सन 35 वर्षांचा असेल.