संयुक्त राष्ट्रांत जनमाहिती अधिकारी व्हायचंय? सोलापुरातून अर्ज करणाऱ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज बाद होण्याची कारणं

संयुक्त राष्ट्रांत 'पब्लिक इन्फर्मेशन ऑफिसर' म्हणजे संस्थेच्या कामाची माहिती पत्रकारांपर्यंत आणि लोकांपर्यंत पोहोचवणारा अधिकारी. प्रसिद्धिपत्रकं लिहिणं, पत्रकार परिषदा घेणं, समाजमाध्यमं सांभाळणं, अफवा खोडून काढणं, आणि शांतिसेनेच्या मोहिमेत असाल तर रेडिओसुद्धा चालवणं, हे त्याचं काम. दक्षिण सुदानमधलं रेडिओ मिराया आणि काँगोमधलं रेडिओ ओकापी ही अशा मोहिमांनी चालवलेली रेडिओ केंद्रं. आपल्याकडे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली जो जन माहिती अधिकारी असतो त्याचा या पदाशी संबंध नाही. तहसील कार्यालयात आरटीआयचे अर्ज निकाली काढल्याचा अनुभव इथे जनसंपर्काचा अनुभव म्हणून धरला जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

कोणत्या दारातून जायचं

बहुतेकांची नजर थेट न्यूयॉर्कवर असते, आणि पहिली गफलत तिथेच होते. पदांच्या श्रेण्या आधी समजून घ्या.

'पी' श्रेणी आंतरराष्ट्रीय भरतीची. पी-२ साठी २ वर्षं, पी-३ साठी ५, पी-४ साठी ७ आणि पी-५ साठी १० वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, तोही पदव्युत्तर पदवी असेल तर. फक्त बीए, बीकॉम किंवा बीएस्सी असेल तर साधारणपणे २ वर्षं वाढीव अनुभव मागतात. म्हणजे पी-३ साठी ५ ऐवजी ७. जाहिरातीत ही सवलत लिहिलेली असेल तरच ती लागू, हे लक्षात ठेवा.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली, म्हणजे संस्थेच्या मुख्य प्रशासकीय यंत्रणेतली, पी-२ ची नियमित पदं मुख्यतः यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम या परीक्षेतून भरतात. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ३२ पेक्षा जास्त नको, किमान पदवी हवी आणि इंग्रजी किंवा फ्रेंच अस्खलित हवी. मात्र कोणत्या देशांचे नागरिक बसू शकतात आणि कोणत्या विषयांची परीक्षा होणार, हे दर वर्षी बदलतं. त्यामुळे अभ्यास सुरू करण्याआधी त्या वर्षीच्या यादीत भारत आहे का आणि विषयांत जनमाहिती आहे का, हे दोन्ही पाहा. दोन्हींपैकी एक नसेल तर त्या वर्षापुरता विषय संपला.

'एनओ' श्रेणी म्हणजे राष्ट्रीय अधिकारी. नेमणूक भारतात, उमेदवार भारतीय नागरिक, पगार रुपयांत. एनओ-ए ला संस्थेप्रमाणे एक-दोन वर्षांचा अनुभव चालतो, एनओ-बी ला त्याहून थोडा जास्त. संयुक्त राष्ट्रांचं भारत आणि भूतानसाठीचं माहिती केंद्र नवी दिल्लीत लोधी इस्टेटमध्ये आहे, आणि युनिसेफचं महाराष्ट्रासाठीचं कार्यालय मुंबईत. जिल्ह्याच्या पातळीवर काम केलेल्या, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही सफाईने लिहिणाऱ्या माणसाला सगळ्यात जवळचा रस्ता हाच आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पी-३ ला जगभरातून अर्ज येतात. एनओ पदांना स्पर्धा देशापुरती असते आणि स्थानिक भाषेला वजन असतं.

यूएन व्हॉलंटियर हा दुसरा वास्तववादी मार्ग. नावात स्वयंसेवक असलं तरी निर्वाह भत्ता मिळतो आणि पुढे हा अनुभव धरला जातो. युवा गट १८ ते २६ वयाचा, स्पेशालिस्ट गट २७ च्या पुढे आणि किमान ३ वर्षं अनुभव असलेल्यांचा. नोंदणी त्यांच्या स्वतंत्र पोर्टलवर करावी लागते. सचिवालयाची इंटर्नशिप मात्र बिनपगारी असते, २ ते ६ महिन्यांची. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात राहण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचा असल्यामुळे ती घेण्याआधी घरच्यांशी हिशोब बोलून घ्या.

एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी: २०२५ पासून पैशांच्या चणचणीमुळे संयुक्त राष्ट्रांनी भरतीला कात्री लावली आहे आणि अनेक पदं कमी होत आहेत. जाहिराती कमी दिसल्या तर तुमच्या शोधण्यात चूक आहे असं नाही.

अनुभव कसा मोजतात

इथे सर्वाधिक अर्ज बाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

अनुभव साधारणपणे पहिल्या पदवीनंतरचा धरतात. अर्धवेळ काम निम्मं मोजतात. एकाच काळात दोन ठिकाणी काम केलं असेल तर तो काळ दोनदा मोजत नाहीत. उदाहरण घेऊ. एका उमेदवाराने २०२० मध्ये जनसंज्ञापनात एमए केलं. जुलै २०२० ते जून २०२२ तालुका वार्ताहर म्हणून अर्धवेळ, आणि जुलै २०२२ ते जून २०२५ उपसंपादक म्हणून पूर्णवेळ काम केलं. त्याच्या हिशोबाने ५ वर्षं झाली. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने १ अधिक ३, म्हणजे ४. पी-३ ला तो एका वर्षाने कमी पडतो आणि अर्ज पहिल्याच चाळणीत जातो. एनओ-ए ला मात्र तोच उमेदवार आरामात बसतो.

आता पुराव्याचा प्रश्न. जिल्ह्याच्या पत्रकारितेत अपॉइंटमेंट लेटर न मिळणं नवं नाही. मानधन कॉलम सेंटिमीटरवर, तेही कधी रोख. अशांनी आजच तीन गोष्टी जमवायला घ्याव्यात: संपादक किंवा व्यवस्थापकाच्या सहीचं, लेटरहेडवरचं अनुभवपत्र, ज्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि पूर्णवेळ की अर्धवेळ हे स्पष्ट असेल, मानधन जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, आणि बायलाइन (तुमचं नाव) असलेल्या बातम्यांची कात्रणं तारखेसह. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती असेल तर तिच्या प्रत्येक पत्राची प्रत ठेवा. वर्तमानपत्र बंद पडलं, संपादक बदलले, तर पाच वर्षांनी हे कागद कुणी देत नाही.

पदवी आणि विद्यापीठाचं नाव

मान्यताप्राप्त विद्यापीठांचीच पदवी चालते, आणि ती तपासण्यासाठी जागतिक उच्चशिक्षण डेटाबेस वापरतात. त्यात विद्यापीठं असतात, संलग्न महाविद्यालयं नसतात. म्हणून अर्जात संस्थेच्या जागी तुमच्या कॉलेजचं नाव टाकू नका, विद्यापीठाचं टाका.

सोलापूरकरांचा इथे एक खास घोळ होतो. सोलापूर विद्यापीठ स्थापन झालं २००४ मध्ये. त्याआधीच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. २०१९ मध्ये नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. तुमच्या प्रमाणपत्रावर 'सोलापूर विद्यापीठ' असेल तर तेच नाव लिहा आणि वर्णनात आताचं नाव एका ओळीत द्या. २००२ च्या पदवीपुढे सोलापूर विद्यापीठ लिहिलं, तर पडताळणीच्या वेळी ती पदवी सापडणारच नाही. पदवी प्रमाणपत्र घेतलेलं नसेल, नुसत्या गुणपत्रिकेवर किंवा प्रोव्हिजनलवर काम चाललं असेल, तर केगावला विद्यापीठात जाऊन तेही उरकून घ्या. निवडीनंतर पडताळणीचा मेल आला की ते मिळेपर्यंत कुणी थांबत नाही.

नाव आणि पासपोर्ट

आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी छापतात. तसंच्या तसं अर्जात उतरवलं की आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जातं. अर्जातलं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल, किंवा वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, तर राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

पासपोर्टसाठी सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. शहर हद्दीतल्यांची पोलीस पडताळणी शहर पोलीस आयुक्तालयाकडून, तालुक्यातल्यांची ग्रामीण पोलिसांकडून. नोकरीसाठी पुण्यात राहता आणि पत्ता जुळे सोलापूरचा देता, तर पोलीस घरी येतील तेव्हा तुम्ही सापडणार नाही आणि शेरा प्रतिकूल जाईल. जिथे प्रत्यक्ष राहता तोच पत्ता द्या. जिल्हा परिषद, आकाशवाणी किंवा अन्य सरकारी सेवेत असाल तर कार्यालयाला आधी कळवल्याचं पत्र आणि पुढे ना हरकत प्रमाणपत्र, दोन्हींची तजवीज वेळेत करा.

प्रत्यक्ष अर्ज

सचिवालयाची पदं करिअर्स डॉट यूएन डॉट ऑर्ग वर येतात आणि अर्ज 'इन्स्पिरा' या प्रणालीतून जातो. तिथे जॉब फॅमिलीत 'पब्लिक इन्फर्मेशन' निवडा. युनिसेफ, यूएनएचसीआर (निर्वासितांसाठी काम करणारी संस्था), जागतिक आरोग्य संघटना यांची पोर्टलं वेगळी आहेत आणि पदाचं नावही बदलतं. युनिसेफमध्ये 'कम्युनिकेशन' हा शब्द टाकून शोधावं लागतं.

इन्स्पिरात तुमचा आवडता दोन पानी सीव्ही कामाचा नाही. शिक्षण, नोकऱ्या, भाषा, संदर्भ हे सगळं रकान्यांत भरायचं, आणि सोबत कव्हर लेटर. बहुतेक पी-पदांना सुरुवातीला प्रमाणपत्रं जोडावी लागत नाहीत. निवडीनंतर एकेक नोंद तपासतात. त्यामुळे फुगवलेली तारीख तेव्हा उघडी पडते. जवळचे नातेवाईक संयुक्त राष्ट्रांत आहेत का, हाही प्रश्न असतो. आई-वडील, मुलं किंवा सख्खी भावंडं तिथे असतील तर नेमणुकीला अडचण येते, म्हणून खरं लिहा.

नोकरीचं वर्णन हा अर्जाचा प्राण. 'बातम्या लिहिल्या, पत्रकार परिषदा आयोजित केल्या' एवढं लिहून काही होत नाही. तीच गोष्ट अशी लिहिता येते: 'आषाढी वारीच्या काळात पंढरपुरातल्या पाणी आणि आरोग्य सुविधांची माहिती रोज सायंकाळी ५ वाजता मराठीत आणि कन्नडमध्ये काढली, पिण्याच्या पाण्याबद्दलची अफवा दोन तासांत अधिकृत खुलाशाने थांबवली, तीन जणांच्या गटाचं काम पाहिलं.' कुणासाठी, काय, किती वेळात, कोणत्या भाषेत, परिणाम काय, एवढं त्यात आलं. जाहिरातीतली जबाबदाऱ्यांची यादी शेजारी ठेवा आणि प्रत्येक मुद्द्याला तुमच्या वर्णनात एक तरी ओळ उत्तर देते का, ते पाहा. जिथे उत्तर नाही तिथे खोटं लिहू नका. पण जे केलंय ते लिहायचं राहिलं नाही ना, एवढं तपासा.

भाषेच्या रकान्यात सोलापूरकर हमखास कमी लिहितात. घरात तेलुगू, पेठेत कन्नड, शेजारी उर्दू, असं वाढलेला माणूस फक्त मराठी, हिंदी, इंग्रजी लिहून मोकळा होतो. वाचता, लिहिता, बोलता, समजता या चारही बाबतीत वेगवेगळी पातळी नोंदवता येते, तेव्हा येतं ते सगळं लिहा. सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा मात्र इंग्रजी आणि फ्रेंच. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या पदांना फ्रेंच बहुधा अनिवार्यच असते. पुण्याच्या आलियान्स फ्रान्सेजमध्ये वर्ग चालतात; डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी-२ पातळी गाठली तर लेखी परीक्षेला उभं राहता येतं.

चाळणीचे प्रश्न घाईत भरू नका. 'पाच वर्षांचा अनुभव आहे का' याला चुकून 'नाही' टिचकलं की अर्ज माणसाच्या नजरेला न पडताच बाद होतो. पाठवल्यावर बदल करता येत नाही.

मुदत न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री ११:५९ ला संपते. म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात १०:२९. सकाळी आरामात भरू म्हणणाऱ्यांचा अर्ज नेमका लाइट गेल्यावर अडकतो. दोन दिवस आधी पाठवा.

चाळणीनंतर

लेखी परीक्षा घरबसल्या, ठरलेल्या वेळात. बहुधा पार्श्वभूमीची टिपणं देऊन प्रसिद्धिपत्रक लिहायला सांगतात, एखादा बिघडलेला मजकूर सुधारायला देतात, किंवा संकटकाळातली माध्यम योजना मागतात. वर्तमानपत्री मराठीतून आलेल्यांचं इंग्रजी वाक्य लांबतं आणि मुख्य मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात जातो. सराव त्याचाच करा. परीक्षेची वेळ जिनिव्हाच्या घड्याळाने दिलेली असेल तर ती आपल्या वेळेत बदलून घ्या: जिनिव्हाचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे १२:३०, हिवाळ्यात १:३०.

मुलाखतीत मत विचारत नाहीत, घडलेला प्रसंग विचारतात: 'सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?' परिस्थिती, तुमची कृती, परिणाम या क्रमाने तीन मिनिटांत सांगा. 'आम्ही केलं' म्हणण्याच्या आपल्या सवयीमुळे गुण जातात. पॅनेलला तुम्ही स्वतः काय केलंत ते ऐकायचं असतं.

योग्य ठरूनही त्या पदावर निवड झाली नाही तर नाव रोस्टरवर, म्हणजे पात्र उमेदवारांच्या यादीत, जातं आणि तशाच पदासाठी पुन्हा परीक्षा न घेता बोलावू शकतात. 'अंडर कन्सिडरेशन' हा शेरा महिनोन्‌महिने तसाच राहतो, त्यावरून काही ठरवू नका. निवड झालीच तर वैद्यकीय तपासणी आणि बीसेफ हे सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण येतं. ते मोफत आहे, आजही करून ठेवता येईल. आफ्रिकेत नेमणूक असेल तर पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र १० दिवसांनी वैध होतं, तेव्हा तिकीट त्या हिशोबाने काढा.

संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत, बँक खात्याचे तपशीलही विचारत नाहीत. 'फाइल पुढे सरकवतो' म्हणून पैसे मागणारा एजंट, किंवा जीमेलवरून आलेलं नेमणूकपत्र आणि 'व्हिसा डिपॉझिट' भरण्याची सूचना, हा सरळ फसवणुकीचा प्रकार समजा. पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. रक्कम गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.